कानानं वाचायचे तक्ते

झेरॉक्सच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतात. एक कागदाची कातरण, दुसरे किस्से. कातरण तरी रद्दीवाला घेऊन जाते. किस्से कोणी नेत नाही. ते तिथंच पडून राहतात अन् गिऱ्हाईक बाकड्यावर टेकलं की त्याच्या पायात येतात! तुम्ही टेकलेच आहात, तर ऐका.

माझं दुकान बुलढाण्यात, कचेऱ्यांच्या रांगेसमोर. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल. मी स्वतः चौथीपर्यंत गेलो. पास झालो का नाही, ते त्या मास्तरलेच माहीत. कॉम्प्युटर मले येत नाही अन् शिकायचाही नाही. पण दुकान माझं आहे, म्हणून ओरडायचा हक्क माझा. ओरडून घ्यायले दोघं आहेत. प्रमोद घाटाखालचा, वडनेर भोलजीचा. त्याचे हात घोड्यासारखे पळतात, डोकं मागून पायी येते. शबाना इथलीच. तिचं डोकं पुढं पळते, अन् जीभ त्याच्याही पुढं.

हे किस्से सगळे तक्त्यांचे आहेत. तक्ता म्हणजे आडव्या-उभ्या रेघा अन् मधात आकडे. सरकारी माणसाले तक्त्याशिवाय जेवण पचत नाही. आम्ही जन्मभर तेच टाइप केले. पण तक्ता कानानंही वाचतात, हे आम्हाले कोणी सांगितलंच नव्हतं!

*

सांगितलं सुजाता मॅडमनं. समोरच्या एका ऑफिसात लिपिक आहेत. ऑफिसचं नाव घेत नाही, त्यांचं काम अजून माझ्याकडं येते. मॅडम मूळच्या साखरखेर्ड्याच्या. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. एक दिवस पांढरी काठी टेकत दुकानात आल्या, काउंटरवर लॅपटॉप ठेवला अन् म्हणाल्या, "काका, तुमच्या दुकानातून आलेला तक्ता आहे. जरा ऐकून घ्या."

बटन दाबलं. लॅपटॉपमधून एक बाई बोलायले लागली. "डी, जे, के, ब्रॅकेट, सेमीकोलन, एक्स, स्लॅश..." मधात श्वास म्हणून नाही!

मी घाबरलो. "हिच्या अंगात आलं का काय? अशी काऊन बोलून राह्यली?"

"काका, हा आमचा तालुकावार तक्ता आहे. तुम्ही जुन्या फॉन्टात टाइप केला. वरून मराठी दिसतं, आतून सगळी इंग्रजी अक्षरं असतात. ही बाई म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ती आतलं वाचते."

प्रमोदनं मान वर केली. "पण मॅडम, दिसायले तर एकदम सरळ दिसते ना!"

"कोणाला?" मॅडमनं विचारलं.

प्रमोद चहा प्यायले म्हणून जो गेला, तो दिवे लागल्यावरच परत आला!

मग मॅडम बाकड्यावर बसल्या अन् खरी गोष्ट सांगितली. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना टेलिफोनवर बसवलं होतं. दिसत नाही ना, मग बसवा फोनवर! पदवी घेतलेली, परीक्षा पास झालेली बाई, अन् दिवसभर काय म्हणणार, तर "हॅलो, साहेब मीटिंगमध्ये आहेत." भांडून भांडून त्यांनी मासिक तक्त्यांचं काम मिळवलं. आता नवे अधीक्षक आले. ते म्हणे, तक्ता वाचता येत नाही तर काम कसं देऊ? पुढच्या आढावा बैठकीत सगळ्यांसमोर स्वतः वाचून दाखवा. जमलं तर ठीक. नाही तर फोन आहेच.

"मला वाचता येतं काका," मॅडम म्हणाल्या. "तक्ता वाचण्यासारखा पाहिजे, एवढंच. पुन्हा त्या फोनवर बसायला लागलं ना, तर मी तो फोन तोडून टाकीन."

"कायले तोडता? सरकारी आहे, आपोआप बंद पडते," मी म्हटलं. "तुम्ही काम आणा. माझ्या दुकानचा तक्ता वाचता येत नाही म्हणजे इज्जत माझी चालली ना!"

*

फॉन्ट बदलला. प्रमोदनं नव्या फॉन्टात तक्ता केला अन् छाती फुगवून मॅडमसमोर ठेवला. बाई बोलायले लागली. "बुलढाणा चिखली मेहकर लोणार मोताळा मलकापूर..." सगळे तालुके एका दमात! त्याच्यामागून सगळे आकडे एका दमात!

यानं काय केलं होतं? एकाच चौकटीत एकाखाली एक सगळी नावं घातली, अन् शेजारच्या चौकटीत एकाखाली एक सगळे आकडे. कागदावर पाहिलं तर समोरासमोर बरोबर. कानाले मात्र आधी सगळी वरात, मग सगळा बँड!

मी म्हटलं, "बे प्रमोद, हा आठवडी बाजार असा कसा भरवला? बाया साऱ्या एकीकडं बसवल्या अन् टोपल्या साऱ्या दुसरीकडं! मेथी कोणाची अन् वांगे कोणाचे, कसं समजन?"

"वांगं पाह्यलं की समजते ना काका!"

"पाह्यलं की! पुन्हा पाह्यलं की!"

मॅडम इतक्या हसल्या की गळ्यातला इअरफोन चहात पडला. चहा माझा होता.

*

मग आली मथळ्याची भानगड. मथळा म्हणजे तक्त्याची पहिली ओळ : तालुका, मंजूर, पूर्ण, शिल्लक. मॅडम म्हणाल्या, ही ओळ मथळा आहे असं कॉम्प्युटरले सांगावं लागते. मग ती बाई प्रत्येक आकड्याच्या आधी सांगते, हा मंजूरचा, हा शिल्लकचा. नाही सांगितलं तर नुसते आकडे ओकत जाते. ऐकणाऱ्यानं कोणता आकडा कशाचा ते बोटं मोजत बसावं.

प्रमोद म्हणे, "सांगतलं ना मॅडम! जाड केलं, लाल केलं, मागून पिवळा रंग देल्ला. अजून काय पाह्यजे?"

बाईनं वाचलं. तिनं लालही म्हटलं नाही अन् पिवळंही म्हटलं नाही. कोरडे आकडे!

प्रमोदच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी मीच म्हटलं, "बे, तू लग्नात गेला का नाही कधी? फेटा तर सगळेच बांधतात. काका बांधते, फुफा बांधते, बँडवालाही बांधते. मग मुलीचा मामा कोणता, ते काय फेट्यावरून समजते? भटजी माइकवर ओरडते, 'मुलीच्या मामानं मुलीले घेऊन या!' तेव्हा तो मामा उठते. तू नुसता फेटा बांधला. ओरडला कुठी?"

शबाना म्हणाली, "चाचा, ते ओरडायचं बटन आहे ना! मी दाबते." दाबलं. अन् काय सांगू, ती बाई शहाण्यासारखी बोलायले लागली : "चिखली, मंजूर, बावीस. चिखली, पूर्ण, अठरा."

तेव्हापासून आमच्या दुकानात मथळ्याले मामाच म्हणतात. काम झालं की मी विचारतो, "शबाना, मामाले हाक मारली का?" नवीन गिऱ्हाईक इकडं-तिकडं पाहते, मामा कुठी आहे म्हणून!

*

अधीक्षक साहेबांना रकाने जोडायचा फार शौक. खाली तीन रकाने, वर त्यांचं एकच डोकं, त्याच्यावर अजून एक डोकं. दुमजली मथळा! एकदा स्वतः दुकानात आले अन् शबानाच्या पाठीमागं उभं राहून सांगायले लागले, "हे जोडा, ते जोडा. जोडलं की तक्ता कसा भारदस्त दिसतो."

तो भारदस्त तक्ता मॅडमच्या लॅपटॉपमध्ये गेला. ती बाई रकाना दोनवरून थेट रकाना पाचवर, पाचवरून परत दोनवर. पिऊन चालल्यासारखी!

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, आमच्या आळीत दोन भावांनी मधातली भिंत पाडून दोन घरांचं एक घर केलं. भारदस्त दिसायले लागलं! पण पोस्टमनले दार समजेना. मोठ्याची कोर्टाची नोटीस धाकट्याले गेली अन् धाकट्याच्या साल्याच्या लग्नाची पत्रिका मोठ्याले. मोठा लग्न जेवून आला, धाकटा कोर्टात जाऊन बसला! आता भिंत परत बांधली आहे."

साहेब म्हणाले, "काका, मी तुम्हाला तक्त्याचं विचारलं."

"मी तक्त्याचंच सांगून राह्यलो."

"जोडा," साहेब शबानाले म्हणाले अन् निघून गेले. माणूस भिंत पाडायले निघाला की त्याले कोणी थांबवू शकत नाही. शबानानं मग दोन तक्ते केले. एक जोडलेला, साहेबांच्या भिंतीवर लावायले. एक सुटा, मॅडमच्या कानाले.

*

साहेबांचं अजून एक. मॅडमनं तक्ता मागितला की ते कागदाचा मोबाईलवर फोटो काढून पाठवायचे. फोटोत तक्ता तिरपा, कोपऱ्यात साहेबांचा अंगठा. बाई बिचारी काय वाचणार? ती एकच शब्द म्हणायची, "चित्र."

मॅडमनं केबिनमध्ये जाऊन विचारलं, "साहेब, तुम्ही चित्र पाठवलं आहे. छान आहे का?"

साहेबांना वाटलं मॅडम टोमणा मारतात. टोमणाच होता.

मग त्यांनी हुकूम काढला की फोटोसोबत दोन ओळींचं वर्णन लिहायचं, म्हणजे बाई ते वाचेल. फोटो आमच्या दुकानात आला अन् वर्णन लिहायचं काम प्रमोदकडं. त्यानं डोकं खाजवून खाजवून लिहिलं अन् पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनं आम्हाले ऐकवलं. बाई एकदम गोड आवाजात म्हणाली :

"चित्र. तक्ता सुंदर आहे. खाली सही आहे."

*

हा किस्सा मॅडमचा नाही, पण त्यांच्यामुळंच झाला. मॅडमनं बजावलं होतं, चौकट रिकामी सोडायची नाही. बाई गप्प बसली की समजत नाही, आकडा नाही का तक्ताच संपला. काही नसलं तर 'निरंक' लिहायचं. बराबर आहे. सरकारी कागदात 'काही नाही' असं कोणी म्हणत नाही, 'निरंक' म्हणते.

प्रमोदले एखादी गोष्ट समजायले वेळ लागते, पण एकदा समजली की तो थांबत नाही. त्या आठवड्यात एका पोराचा लग्नाचा बायोडाटा आला. बायोडाटा म्हणजे तक्ताच ना! नाव, उंची, शिक्षण, शेती, मामांचं गाव. शेवटची ओळ : मुलीकडून अपेक्षा. पोराच्या मायनं ती कोरी ठेवली होती, समोरासमोर बोलू म्हणून. प्रमोदनं भरली.

अपेक्षा : निरंक.

कागद वाटले गेले. पंधरवड्यात ती माय दुकानात. पदर खोचलेला! "कोण आहे तो टाइप करणारा? काढा त्याले भाईर!"

प्रमोद झेरॉक्स मशीनमागं बसला. मी म्हटलं, "वहिनी, झालं काय?"

"काय झालं? आजपर्यंत एक पाव्हणा उंबरा चढत नव्हता, अन् आता रोज फोन येऊन राह्यले! मुलीचे बाप म्हणतात, असं घर जिल्ह्यात नाही!"

"मग चांगलंच झालं ना!"

"काय चांगलं झालं? आता मागू कसं काही? लिहून देल्लं ना तुम्ही!"

पोरानं मात्र येऊन प्रमोदले गुपचूप पेढे दिले. सून नर्स आहे. सासूले गोळ्या वेळेवर देते. सासूची आताही तक्रार आहे, पण कशाची ते तिलेच सांगता येत नाही.

*

बैठक जवळ आली तशी मी दुकानात कायदा केला. मॅडमचा कोणताही तक्ता डोळे बांधून ऐकल्याशिवाय बाहेर जाणार नाही. कारण काय, डोळे उघडे असले की प्रमोद ऐकतच नाही. स्क्रीनवर पाहते अन् म्हणते, "बराबर आहे." म्हणून माझा शेला त्याच्या डोळ्यांवर बांधला. शबानानं आपली ओढणी बांधली. दोघं खुर्चीत ताठ बसले, बाई बोलून राह्यली, अन् मी मधात उभा राहून विचारून राह्यलो, "सांगा बे, मलकापूर शिल्लक किती?"

तेवढ्यात एक पाव्हणा दारात आला. हातात आधार कार्ड, झेरॉक्स काढायची होती. त्यानं दोघांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, अन् तसाच मागं मागं सरकत पायरी उतरला.

मी ओरडलो, "ओ भाऊ, या ना!"

"नाही काका, करा तुमची पूजा. मी उद्या येतो."

मॅडमले हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काका, माझे डोळे तर कायमचेच बांधलेले आहेत. मला पाहून कोणी पळत नाही, उलट रस्ता ओलांडून देतात. नको तिकडचा!"

*

आता बैठक.

आकडे त्याच सकाळी तालुक्यांहून आले. शबानानं भरले, मामाले हाक मारली, अधीक्षक साहेबांनी कागदावर सही ठोकली, तक्ता मॅडमच्या लॅपटॉपमध्ये गेला. डोळे बांधून ऐकायले त्या दिवशी वेळच नव्हता. प्रती घेऊन मी स्वतः हॉलवर गेलो. प्रमोदच्या हाती दिल्या असत्या तर त्या रस्त्यात भज्याखाली गेल्या असत्या. वाटून झाल्या तरी मी दारापाशी उभा राहिलो. जा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

अशा बैठकीत काय होते ते तुम्हाले सांगतो. सगळ्यांसमोर कागद असते. मोठे साहेब विचारतात, "तक्ता पाहिला का?" सगळे म्हणतात, "पाहिला सर." मग चहा येते.

त्या दिवशी अधीक्षक साहेब उठून म्हणाले, "सर, आज तक्ता आमच्या मॅडम वाचणार आहेत. त्यांना जमतं का ते पाहू." अन् असे हसले की जणू पाहून झालंच आहे.

मॅडम उभ्या राहिल्या. एका कानात इअरफोन, एक बोट बटनावर. मी दाराची चौकट धरली. तिथं ती बाई अडखळली असती, तर सुजाता मॅडम सोमवारपासून फोनवर होत्या.

"मंजूर विहिरी अन् पूर्ण विहिरी, तालुकावार," मॅडमनं सुरू केलं. अन् त्या लॅपटॉपमधल्या बाईसारख्याच बोलू लागल्या. तालुका, मंजूर, पूर्ण, शिल्लक. एक चौकट सोडली नाही. दोन तालुके झाले, तीन झाले. लोकांचे हात आपोआप कागदाकडं गेले. बोटं ओळीवर फिरायले लागली. मागच्या रांगेतल्या एकानं चष्मा शोधला.

अधीक्षक साहेबांनी मधातच घड्याळ पाहिलं. "मॅडम, थोडक्यात घ्या ना. तक्ता सगळ्यांसमोर आहे."

"वाचू द्या," मोठे साहेब म्हणाले.

पुढचा तालुका आला. त्याचं नाव मी सांगत नाही, माझी सून तिथली आहे.

"मंजूर विहिरी, बारा," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण विहिरी, चौदा."

मोठ्या साहेबांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"पुन्हा वाचा," मोठे साहेब म्हणाले.

मॅडमनं बटन दाबलं. घाई नाही, काही नाही. "मंजूर, बारा. पूर्ण, चौदा. शिल्लक, निरंक."

मोठ्या साहेबांनी त्या तालुक्याच्या साहेबांकडं पाहिलं. "बारा विहिरी मंजूर होत्या. चौदा कशा पूर्ण झाल्या?"

ते साहेब उठले. शर्टाचं बटन लावलं, कागद उलटा केला, परत सुलटा केला.

"सर," ते म्हणाले, "आमच्याकडं जमीन मऊ लागली!"

पुढं कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही, कारण मी बाहेर जाऊन भिंतीले टेकून हसून राह्यलो होतो. परत आलो तेव्हा मोठे साहेब डोळे पुसून अधीक्षकांना विचारत होते, "हा तक्ता बैठकीआधी कोणी पाहिला होता?"

"मी स्वतः पाहिला सर. सही आहे माझी."

"सही दिसते. वाचला होता का?"

अधीक्षक साहेबांनी सहीवर अंगठा ठेवला. चौकट रिकामी!

"यापुढं दर महिन्याला तक्ता याच वाचतील," मोठे साहेब म्हणाले. "अन् पूर्ण वाचतील. चहा नंतर आणा."

बैठक सुटली. मी मॅडमचा लॅपटॉप धरला, त्यांनी काठी उघडली, अन् आम्ही व्हरांड्यात आलो. मागून अधीक्षक साहेब लगबगीनं आले. चेहरा उतरलेला, पण आवाज साहेबाचाच.

"मॅडम, तुमचं ठीक झालं. पण टेलिफोनवर मला कोणीतरी बसवावंच लागेल ना! आता कोणाला बसवू, सांगा?"

मॅडम थांबल्या. काठी पायरीवर टेकली.

"ते मऊ जमिनीवाले साहेब मोकळे आहेत का, विचारून पाहा," त्या म्हणाल्या. "त्यांना उत्तर लवकर सुचतं."